सगुणाबाईचे चार दिवस

पडवीच्या कोपऱ्यात बसलेल्या सगुणाबाईने पदर खांद्यावरून खाली टाकला आणि पुठ्ठ्याने वारा घ्यायला सुरुवात केली. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, महादेव कोळ्यांच्या त्या वाडीत, सकाळची थंडी अशी की म्हशीच्या नाकातून वाफा निघत होत्या. आणि हिच्या मानेवरून घामाच्या धारा!

सून नूतन भाकरी घेऊन आली. बाहेर बसलेल्या बाईला शिवायचं नाही, म्हणून तिने ती वरूनच ताटलीत टाकली. कडेवर अंगावर पिणारं पोर, केसांत चुलीची राख, डोळ्यांखाली काळं.

"आत्या, घाम कसला एवढा?"

"उन्हात बसले जरा."

"ऊन अजून डोंगराच्या पल्याड हाय."

सगुणाबाई भाकरी मोडत राहिली. नूतन जागची हलली नाही. ती खालच्या विंझर गावची, बारावी झालेली. गप्प बसायची सवय तिला माहेरात कुणी लावलीच नव्हती.

"ओढ्यावर तुमची फडकी बघितली म्या. दिवाळीपासनं बघतीय. कोरी फडकी धुता तुमी. तुमची पाळी गेलीया, आत्या."

सगुणाबाईचा हात थांबला. "हळू बोल."

आत अंबूबाई, तिची सासू, दिव्याच्या तेलाची बाटली शोधत होती.

"जायची वाट बुजली रगताची," सगुणाबाई पुटपुटली. "मग ते आतल्या आत फिरतंय. फिरलं की अंग पेटतं. जुन्या बाया म्हणायच्या, वाघजाई बोलावती."

"शाळेत बाई सांगायच्या, पाळी जाताना असंच व्हतं. आन् देवी बोलावती तर जावा की! आजी तुमच्याकडंच डोळं लावून बसलीय."

खरंच बसली होती. राईतल्या वाघजाईला मंगळवारी आणि शुक्रवारी दिवा-पाणी करायचं ते जिची पाळी गेली तिनेच. बाहेरचीचा तिला स्पर्श चालत नाही. झालाच, तर त्या दिवशी राईत पाऊल टाकायचं नाही. वाडीत या बाईचा मान मोठा. ती समोरून आली की गडीमाणसंसुद्धा विड्या लपवतात. आता तो मान अंबूबाईकडे होता. पण तिचे गुडघे गेले होते, आणि राईची चढण काही कमी होत नव्हती.

"मान घिऊन काय करू?" सगुणाबाई म्हणाली. "लगीन होऊन आल्यापासनं म्हैनाभर राबले आन् चार दिस हितं बसले. चार दिस कुणी म्हणत न्हाई, सगुणा पाणी आण, सगुणा फाटी आण. तेवढंच माजं व्हतं. देवीनं तेबी काढून घेतलं, आन् वर चढण दिली."

"आन् तुमचं चार दिस कोण भरतं?" नूतनचा आवाज चिरकला. "म्याच की! ह्यो रातीचा डोळा लागू दीत न्हाई. पाणी म्या, चूल म्या, म्हैस म्या. आन् तुमी हितं नाटक करून बसायचं? सांगू आजीला?"

सगुणाबाईने मान वर केली. भांडायचं बळ त्या चेहऱ्यावर कुठं दिसेना.

"सांग," ती म्हणाली. "पर दुपारी सांग. एक झोप हू दे."

तेवढ्यात अंबूबाई दारात आली. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात तेल. उंबरा ओलांडायला तिला चौकटीला खांदा टेकावा लागला.

"काय कालवा चाललाय गं सासूसुनांचा?"

नूतनने तोंड उघडलं. सासूकडे पाहिलं. सगुणाबाई डोळे मिटून बसली होती, सुई टोचायची वाट बघणाऱ्या माणसासारखी. कडेवरचं पोर पदर ओढायला लागलं.

"आजी," नूतन म्हणाली, "मी... म्याबी भाईरची झाले."

आणि पोरासकट ती सगुणाबाईच्या शेजारी धपकन बसली. सगुणाबाईने डोळे उघडले आणि सरकून तिला जागा करून दिली.

अंबूबाईने नूतनकडे पाहिलं. मग पदराखाली चुटूचुटू पिणाऱ्या पोराकडे.

"पोर अंगावर हाय," ती म्हणाली. "इतक्यात कशी गं आली?"

"आली."

म्हातारी पडवीच्या कडेला उभी राहून राईकडे बघत राहिली. वाट समोरच्या दांडावरून सरळ वर गेली होती. मग ती घराकडे वळून ओरडली, "कुमार! ए कुमार! मोबाईल ठिव आन् ऊठ. चूल पेटव. तुजी आई आन् बायकू, दोगी भाईर हाईत."

"मला कुठं येतंय?" आतून आवाज आला.

"भूक लागली की येतंय!"

मग तिने तांब्या खाली ठेवला, तेल ठेवलं, खांबाला धरून हळूहळू खाली बसली. सुजलेला गुडघा दोन्ही हातांनी उचलला आणि पाय सरळ सगुणाबाईच्या मांडीवर टाकला.

सगुणाबाई दचकून मागे सरकली. "अवं, शिवलं की तुमाला! आज शुक्करवार हाय."

"ठावं हाय," अंबूबाई म्हणाली. "जरा वर दाब. हां. तितंच."