मंत्र्याची भाची

नेवेनाने मामाच्या हातातली निळ्या चौकड्यांची पिशवी काढून घेतली आणि तिथेच, कॉलेजच्या पायऱ्यांवर, उघडली. आत कॉफीचा पुडा, घरच्या रकियाची, फळांच्या कडक दारूची, बाटली आणि एक अख्खं सॉसेज होतं.

"हे काय आहे?"

"रस्त्यात भूक लागली तर असावं," रादिशामामा म्हणाला.

"कोरडी कॉफी खाणार होतास?"

पण ती घाबरली सॉसेजला. त्यांच्या गावची, पिरोतची, माणसं ते पाहुण्यालासुद्धा पलीकडचं दिसेल इतकं पातळ कापून वाढतात. मामा अख्खं घेऊन निघाला होता, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

तो पिरोतहून सकाळच्या बसने निशला आला होता, शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी भाचीचा जन्मदाखला पोचवायला. जन्मदाखला सहा महिन्यांहून जुना चालत नाही. नेवेना चोवीस वर्षांपूर्वी जन्मली, ही गोष्ट सरकारला दर सहा महिन्यांनी नव्याने पटवावी लागते.

व्हिएन्नाला दोन वर्षं राहून नद्यांच्या पुरांचा अभ्यास करायची ती शिष्यवृत्ती होती. कॉलेजमधून एकालाच मिळायची. पुढच्या वर्षी नेवेनाचं वय नियमात बसणार नव्हतं. स्वतःच्या खर्चाने जायचं, तर तिच्या बाबांना बूट दुरुस्त करत आणखी दोन जन्म काढावे लागले असते.

"बाळा, ऐक माझं," मामा म्हणाला. "वरून कोणाचा हात असल्याशिवाय इथे खिडकीसुद्धा उघडत नाही. मी हायवेवर मंत्र्याच्या गाडीचं चाक बदललं होतं की नाही? तो स्वतः म्हणाला, भावा, कधी काम पडलं तर सांग."

"मामा, त्याला नऊ वर्षं झाली. त्याच्या आता लक्षात तरी असशील का तू?"

"मी नसेन. चाक असेल."

"शपथ घे. मंत्र्याकडे जायचं नाही. मला हे माझ्या कागदांवर मिळवायचंय."

मामाने छातीवर हात ठेवून शपथ घेतली. मंत्र्याकडे जाणार नाही. नेवेनाने पिशवी परत दिली, त्याला बसस्टँडच्या रस्त्याला लावलं आणि ती तासाला पळाली.

संध्याकाळी आईचा फोन आला. "दादा आत्ता पोचला. पिशवी बसमध्ये विसरला म्हणे. मी शिवलेली, चांगली होती गं."

"दुसरी शिव," नेवेना म्हणाली. तिच्या तोंडात त्या वेळी एक लांबलचक जर्मन क्रियापद होतं.

आठवड्याभरात तिची खोलीतली मैत्रीण तियाना बातमी घेऊन आली.

"मिटलं. शिष्यवृत्ती गेली."

"कोणाला?"

"मंत्र्याच्या भाचीला. आतून ठरलंय. कँटीनमध्ये सगळ्यांना माहीत आहे, तू एकटीच पुस्तकात डोकं घालून बसलीयेस."

तियानाने स्वतःच्या अर्जाच्या चार घड्या घातल्या आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवल्या. टेबल स्थिर झालं. त्या वर्षी कॉलेजमध्ये एवढा उपयोग दुसऱ्या कुठल्याच अर्जाचा झाला नसावा.

भाची दिवसागणिक मोठी होत गेली. सोमवारी तिच्याकडे लाल गाडी होती, बुधवारी बेलग्रेडमध्ये फ्लॅट. शुक्रवारपर्यंत तिला जर्मनचं एक अक्षर येईनासं झालं. वर्गात नेहमी पहिला येणारा वेल्को म्हणाला, "मी कशाला शिक्के गोळा करत फिरू? तिच्या शेजारी शोभेला?"

"तिला जर्मन येत नाही ना?" नेवेना म्हणाली. "मग मला आलंच पाहिजे."

ती हट्टाला पेटली. जर्मनची वरची परीक्षा तिने पहिल्या फटक्यात काढली. निबंध अकरा वेळा लिहिला. लिहिताना समोर ती भाची बसलेली असायची, लाल नखं टेबलावर वाजवत. नेवेना तिच्याकडे बघून एकेक वाक्य खोडायची आणि आणखी चांगलं लिहायची.

प्राध्यापक वुकाशिन यांनी शिफारसपत्र लिहिलं, पण सही करताना उसासा सोडला. "मुली, ठरलंय म्हणतात."

"ठरू दे, सर. माझा अर्ज तिच्या अर्जाशेजारी ठेवताना त्यांचा हात तरी थरथरला पाहिजे."

शेवटच्या दिवशी ती अर्ज घेऊन कचेरीत गेली. कचेरीतल्या स्लावित्साबाई वीस वर्षांत कुठल्या विद्यार्थ्याशी मान वर करून बोलल्या नव्हत्या. त्यांनी नाव वाचलं, गाव वाचलं आणि उठून खुर्ची पुढे केली.

"बसा ना. पाणी घेता?"

नेवेनाला वाटलं, कागद पूर्ण असले की माणसं अशी वागतात.

जूनमध्ये फलकावर नाव लागलं. नेवेनाचं. तियाना तिच्या गळ्यात पडून रडली, वेल्कोने तीनदा फलक वाचला. मंत्र्याची भाची हरली होती.

पत्र घ्यायला गेल्यावर नेवेनाला राहवेना.

"बाई, एक विचारू? तिचा अर्ज बघायला मिळेल? किती फरकाने हरली, एवढंच बघायचंय."

"कोणाचा?"

"मंत्र्याच्या भाचीचा."

स्लावित्साबाई हसल्या, मोठ्या माणसांच्या विनोदाला हसतात तशा. उठून त्यांनी दार लोटलं आणि फाइल नेवेनासमोर उघडून ठेवली. आत एकच अर्ज होता.

"दुसरं कोण करणार होतं? मंत्रिसाहेब मला भावा म्हणतात, हे तुमचे मामाच इथे सांगून गेले. माझ्या पुतण्यालासुद्धा मीच थांबवलं. पिरोतचा माणूस अख्खं सॉसेज ठेवून जातो, तेव्हा काम किती वरचं आहे, ते आम्हाला सांगावं लागत नाही."

मग त्यांनी खणातून निळ्या चौकड्यांची पिशवी काढली. धुतलेली, इस्त्री केलेली.

"मामांना द्या. आणि मंत्रिसाहेबांना आमचा नमस्कार सांगा."