स्टोचा आवाज

मेंदूत रक्ताची गुठळी अडकून निंबाची वाचा गेली, त्याला महिना झाला होता. “डोकं दुखस का?” रंजना विचारायची. नवऱ्याच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. तो भिंतीकडे वळायचा. त्या दिवशी कापडाच्या लूमवरचा, यंत्रमागावरचा त्याचा जोडीदार योगराज सुरतेतल्या डिंडोलीच्या खोलीवर आला. लूमच्या खडखडाटात कोणी तोंडाने बोलत नाही, सगळं हातांनी चालतं. त्याने सवयीने दारातूनच बोटं नाचवली. निंबाचा डावा हात उठला. अर्धा तास दोघं शेठची टिंगल करत बसले. योगराज गेल्यावर रंजनाने तसेच हातवारे केले. निंबा पुन्हा भिंतीकडे वळला. स्टो पेटवून तिने जोरजोरात पंप मारला. खोली लूमच्या कारखान्यासारखी आवाजाने भरली. सासू म्हणाली, “भांडं ठेव, घासलेट जळी ऱ्हायनं.” रंजनाने कपाळाला बोट लावून भुवया उंचावल्या. निंबाने नकारार्थी मान हलवली, मग भुवया उंचावून तिच्या कपाळाकडे बोट केलं.