गोदूबाईला पेन्शन नको

“माजी पेन्शन बंद करायची हाय,” गोदूबाई खिडकीशी वाकून म्हणाली.

भाविकाने मान वर केली. पेणच्या तहसील कचेरीत निराधार योजनेचं टेबल तिच्याकडे होतं. सुरू करा, अडलेली सोडा, असं म्हणणारी म्हातारी माणसं रोज येत. बंद करा म्हणणारं आजवर कोणी आलं नव्हतं.

“बंद? मावशी, मिळवायला किती खेटे घातलेत तुम्ही!”

“घातले ना. नवरा गेला, गुडघ्यांनी मिठागराचं काम सोडवलं, तवा हिच्यावरच चूल पेटली. इसरले नाय मी. पन आता नको.”

“मुलगा सांभाळणार आहे का?”

“पोरबाळ नाय मला.”

“मग कोणी धमकावलंय?”

“नाय गो बाय.”

मागे उभी असलेली रंभा पुढे सरकली. धरमतरच्या खाडीकाठी दोघींची घरं शेजारी होती. गोदूबाई नको नको म्हणत असताना ती सकाळी तिच्या मागोमाग एस.टी.त चढली होती.

“मी सांगते,” रंभाचा आवाज कापत होता. “काल हिनं कोंबड्या माज्या आंगणात आणून सोडल्यान. पातेली पन दिलीन. आता घराची चावी घे म्हनते. इचारलं तर नुसती हसते. माजा तर जीवच थाऱ्यावर नाय.”

भाविका टेबल सोडून बाहेर आली. तिने गोदूबाईला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि शेजारी टेकली.

“मावशी, फार एकटं वाटतं का?”

गोदूबाईने सावकाश पाणी संपवलं.

“लय वाटायचं. भिंतीशी बोलायची मी. म्हनूनच तर ठरवलं.”

“असं नको गो करू!” रंभाने तिचा दंड घट्ट धरला. डोळे तिला आवरेनात. “मी हाय ना तुला!”

“तू हायस गो. पन रात्री तू तुज्या घरी जातेस.” गोदूबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि भाविकाकडे वळली. “तू आधी ही पेन्शन बंद कर, बाय. सरकारला फसवून जायचं नाय मला.”

भाविकाने तिचा हात धरला. “जायचं? कुठे जायचंय, मावशी?”

गोदूबाईने पदर तोंडाला लावला.

“खांब गावाला. विधवेची पेन्शन ना ती? रविवारी लगीन हाय माजं.”