अल्ट्राक्रेपिडेरियन

परळच्या कारखान्यात आकांक्षा गणपतीचे डोळे आखत होती. मूर्ती संध्याकाळी मंडळात जायची होती आणि मंडळाचे अध्यक्ष गंगाधरकाका सकाळपासून तिच्यामागे स्टूल टाकून बसले होते.

"डावा डोळा जरा रागावल्यासारखा वाटतो गं."

तिनं तो पुसून पुन्हा आखला.

"आता उजवा घाबरल्यासारखा वाटतो."

शेवटी तिचा भाऊ मयूर मध्ये पडला. इंग्रजीत एमए केल्याचा उपयोग करायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच येत होती.

"काका, इंग्रजीत एक शब्द आहे, अल्ट्राक्रेपिडेरियन. म्हणजे ज्यातलं आपल्याला कळत नाही, त्यावर मत देणारा माणूस. एका ग्रीक चित्रकाराला चपला शिवणाऱ्यानं सांगितलं, चित्रातली चप्पल चुकलीय. त्यानं ती सुधारली. मग तो माणूस पायालाही नावं ठेवायला लागला. तेव्हा चित्रकार म्हणाला, बाबा रे, चपलेच्या वर जाऊ नकोस. 'चपलेच्या पलीकडे'ला लॅटिनमध्ये जे म्हणतात, त्यावरून हा शब्द आला."

काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "लॅटिन नसेल. फ्रेंच वाटतं."

"तुम्हाला फ्रेंच येतं?"

"येत नाही. पण कानाला कळतं ना."

आकांक्षानं ब्रश त्यांच्या हातात दिला. "घ्या काका, तुम्हीच आखा."

काका स्टूलसकट मागे सरकले. "वेडी आहेस का? देवाच्या डोळ्यांचं मला काय कळतं?"

मग ब्रश परत देत म्हणाले, "तू धरतेस मात्र चुकीचा."