टेबलाभोवतीचं घर

टेबल काही दारातून जाईना. आडवं करून झालं, उभं करून झालं, पाय आधी बाहेर काढून झाले. गवंडी घामाघूम झाला. आयुष्यभर दुसऱ्यांची घरं बांधणाऱ्या या माणसानं आपल्या घराचं दार ठेवलं ते खाटेच्या मापानं. टेबल साफ विसरला. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

दुसरीकडे भाड्यानं राहायची ऐपत नव्हती. म्हणून जुन्या पत्र्याच्या खोलीत राहूनच नवराबायकोनं तिच्या बाहेरून विटांच्या भिंती चढवल्या. आज आतले पत्रे उतरवले आणि घर एकदाचं घरासारखं दिसायला लागलं. बायकोचं इस्त्रीचं लोखंडी टेबल तेवढं, काम सुरू होताना सिमेंटची धूळ नको म्हणून रस्त्यावरून आत घेतलेलं, ते आतच अडकलं.

"पाय कापतो. बाहेर नेऊन परत जोडून देतो," गवंडी म्हणाला.

"म्हणजे डुगडुगायला मोकळं. त्यावर इस्त्री काय, माझं कपाळ करू?"

"मग आतच कर की."

"आत कोण येणार, शेगडी ओलांडून, सासूबाईंचे पाय ओलांडून?"

"माझ्या पायांना मध्ये घेऊ नकोस," खाटेवरून सासूबाई म्हणाल्या.

तिला आता रडू फुटायचंच बाकी होतं. कोपऱ्यावर दुसरा इस्त्रीवाला बसायला लागला होता. गिऱ्हाईक एकदा तिकडे वळलं की गेलंच. निम्म्या विटा तिच्या इस्त्रीवर आल्या होत्या, आणि त्याच विटांनी तिला कोंडून घातलं होतं.

तिनं हातोडा उचलला आणि रस्त्याकडच्या भिंतीवर, टेबलाच्या बरोबर वर, घातला.

"अगं, माझी भिंत!"

"निम्मी माझी आहे. माझ्यातली तोडतेय."

तीन विटा बाहेर पडल्या. टेबलावर ऊन आलं. गवंड्यानं कपाळाला हात लावला, मग तिच्या हातातून हातोडा काढून घेतला.

"सर बाजूला. असं घातलंस तर वरचं सगळं अंगावर येईल." आणि तो कडेनं नीट, सरळ रेषेत फोडायला लागला. हात गवंड्याचा, त्याला वाकडं काही जमतच नव्हतं.

रस्त्यानं गाठोडं घेऊन कोपऱ्याकडे निघालेली एक बाई थांबली.

"आज बंद आहे ना गं?"

"बंद कसलं, ताई? आणा इकडे." तिनं भोकातून हात बाहेर काढून गाठोडं आत घेतलं. "संध्याकाळी या. इथंच, खिडकीशी."

"खिडकीशी," गवंडी स्वतःशी पुटपुटला, आणि चौकटीचं माप घ्यायला लागला.