अर्धी वही

याही महिन्यात वीस तारीख उलटली तरी बायकोने पैसे मागितले नाहीत, तेव्हा भिंगवाल्याच्या मनात पाल चुकचुकली.

चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणारा माणूस तो. चौदा वर्षांच्या संसारात घरखर्च वीस तारखेला संपायचा म्हणजे संपायचाच. गेलं वर्षभर मात्र एकदाही नाही. उलट मुलीच्या क्लासची फी परस्पर भरली गेली आणि बायकोच्या पायात नव्या चपला आल्या.

"कुठून आल्या गं?"

"दुकानातून," ती म्हणाली आणि भाजी चिरत राहिली.

खरं तर लपवाछपवीवर बोलायला त्याला तोंड नव्हतं. दीड वर्षापूर्वी ओव्हरटाइमच्या नावाखाली तो दर रविवारी पैशाच्या शिकवणीला जायचा. 'पैशाला कामाला लावा,' असं तिथले सर सांगत. पठ्ठ्याने ते मनावर घेतलं. वडिलांकडून आलेल्या वाट्यातून बाजारामागे एक गाळा घेतला आणि दलालामार्फत भाड्याने दिला. महिन्याला आठ हजार. घरात कळलं की खर्चाला पाय फुटतील, म्हणून बायकोला पत्ता नाही आणि भाडेकरूलाही नाव नाही.

"भाडेकरू कसा आहे?" त्याने एकदा दलालाला विचारलं होतं.

"एकदम चोख. तुम्ही निवांत झोपा साहेब."

शिकवणीची वही माळ्यावर, जुन्या पंख्याच्या खोक्यात होती. अर्धीच लिहिलेली. दुसऱ्या भागाची फी वेगळी होती, ती त्याने वाचवली. परवा भाड्याची पावती ठेवायला तो वर चढला, तर खोक्यावर धुळीचा कण नव्हता. बायको टापटिपीची, यात वाद नाही.

पण शेजारीण सहज बोलून गेली, "वहिनी दर एक तारखेला दुपारी नटूनथटून कुठे जातात हो?"

त्या दिवसापासून त्याचं अन्नावरचं मन उडालं. पैसा कुणीतरी देत होतं. कोण, आणि कशासाठी? ही बाई निघून गेली तर घरात नुसत्या भिंती उरतील, हे त्याला प्रथमच कळलं आणि तो मनापासून घाबरला.

एक तारखेला त्याने अर्धी रजा टाकली. नव्या चपला पुढे, हा मागे. तिने बाजार ओलांडला आणि मागच्या गल्लीत वळली. ती थेट त्याच्याच गाळ्यात शिरली होती!

आत एक किल्लीवाला होता, तरणाबांड. त्याने तिला बसायला स्टूल दिलं, हसून काहीतरी बोलला आणि हातात पाकीट ठेवलं. पाच मिनिटांत ती बाहेर पडून निघूनही गेली. भिंगवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्याच छपराखाली!

तो तरातरा आत घुसला. "आत्ता गेल्या त्या बाई कोण?"

"मालकीणबाई. भाडं न्यायला येतात." किल्लीवाल्याची कानस थांबली नाही.

"भाडं? किती?"

"पंधरा हजार. त्यांनी स्वतः मूळ मालकाकडून आठ हजार भाड्याने घेतलाय म्हणे. अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे."

भिंगवाला मटकन स्टुलावर बसला. "आणि मूळ मालक कोण?"

"नाव सांगत नाहीत. विचारलं की हसतात नुसत्या. म्हणतात, माणूस लाख चांगला, पण वही अर्धीच लिहून माळ्यावर टाकली त्याने. उरलेली मी लिहिली."