हौसाची पत

"फळ्यावर नाव लागलंय ते नियमाने लागलंय, वहिनी. माझ्या हातात काही नाही," आत्माराम म्हणाला.

हौसा पतसंस्थेच्या दारात उभी होती. माशांची पाटी तिने बाहेर दगडी गडग्यावर ठेवली होती. भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर थकबाकीदारांची सात नावं होती. सहा पुरुषांची. सातवं तिचं, पुढे आकडा चार हजार.

तिचा नवरा गुणाजी काविळीने जाऊन पाच महिने झाले होते.

"गुणाजीने होडीला इंजिन घ्यायला तुमच्या नावावर कर्ज उचललं," आत्माराम हळू आवाजात म्हणाला. तो संस्थेचा चिटणीस आणि गुणाजीचा लहानपणापासूनचा दोस्त. "इंजिन काही आलं नाही. पैसे कुठे गेले ते तोच जाणे. गेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं?"

हौसा फळ्याकडे बघत राहिली.

"आता काय करायचं, भावोजी?"

आत्मारामने नियमांचं पुस्तक काढलं आणि ओळींवर बोट ठेवून तिला सावकाश वाचून दाखवलं. थकबाकीदाराला नवं कर्ज नाही. सभेत बोलायचं नाही. कमिटीवर यायचं नाही. दप्तर कमिटीशिवाय कुणी उघडायचं नाही.

"म्हणजे आधी बाकी भरायची," हौसा म्हणाली.

"भराल? व्याज माफ करायला मी कमिटीला सांगतो. वर्षभर पडून राहिलं तरी चालेल. मी आहे ना."

"नको. नाव माझं हाय, तर मीच भरीन. व्याजासकट."

ही त्र्याऐंशी सालची गोष्ट.

फळा फक्त संस्थेत होता, पण गावभर वाचला गेला. बंदरावरचा व्यापारी तिला सकाळी पाटी देऊन संध्याकाळी पैसे घ्यायचा. तो आता आधी रोख मागू लागला. बर्फवाला शिवा नजर चुकवू लागला. चिमाचं, तिच्या मुलीचं, मुरुडला लग्न ठरत आलं होतं. त्या माणसांनी निरोप पाठवला, घाई नाही, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी त्यांनी दुसरीकडची मुलगी केली.

त्या दिवशी चिमा चुलीपाशी बसून रडली. "बापाने बुडवलं आपल्याला."

"बापाचं नाव घेऊ नको," हौसा म्हणाली. एवढंच. पण त्या रात्री ती जेवली नाही.

तिने मंगळसूत्रातल्या वाट्या मोडल्या आणि रोखीने अर्धी पाटी घ्यायला सुरुवात केली. अर्ध्या पाटीत भागेना, म्हणून बांगडे खारवून सुकवले आणि एसटीने हातखंब्याला नेले. तिथे मुंबई-गोवा रस्त्यावर ट्रकवाल्यांच्या खानावळी होत्या. पहिल्या दिवशी तिने पाच खानावळी पालथ्या घातल्या. एकाने घेतले. महिन्याभरात तिघे घेऊ लागले.

दर महिन्याच्या पाच तारखेला ती संस्थेत हप्ता भरायची. कधी शंभर, कधी दीडशे. एकदा ताप होता तरी आली. आत्माराम तिला बसायला स्टूल द्यायचा, पावती द्यायचा आणि रक्कम वाचून सांगायचा.

"वहिनी, एवढा जीव का काढता?"

"पत हवी, भावोजी."

"कशासाठी? नवी होडी घ्यायचीय?"

"बघू."

दीड वर्षाने व्यापाऱ्याने न मागता तिच्यासमोर पूर्ण पाटी ठेवली. "पैसे संध्याकाळी दे," म्हणाला. हौसाने पाटी उचलली, पण थोडं पुढे जाऊन ती उगाच थांबली आणि पदराने डोळे पुसले.

शहाऐंशीच्या चैत्रात शेवटचा हप्ता भरला. चेअरमन गंगारामने स्वतः ओल्या फडक्याने फळ्यावरचं तिचं नाव पुसलं. बाकीची सहा नावं तशीच होती. सर्वसाधारण सभेत त्याने तिचं उदाहरण दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात आत्मारामने.

"आता बोला," तो नंतर म्हणाला, "किती कर्ज मंजूर करू?"

"कर्ज नको."

त्याच महिन्यात कमिटीची निवडणूक होती. बायकांची एक जागा होती, ती दर वेळी रिकामी राहायची. हौसा परस्पर रत्नागिरीला जाऊन अधिकाऱ्याकडे अर्ज देऊन आली. समोर कुणी उभं राहिलं नाही. आत्मारामने पेढे वाटले.

पहिल्या बैठकीला सातही जण जमले. गंगारामने विचारलं, "कुणाला काही विषय मांडायचाय?"

"माझ्या कर्जाचा कागद काढा," हौसा म्हणाली.

"आता कशाला ते, वहिनी?" आत्माराम हसला. "फिटलं ते."

"काढ रे. तिचा हक्क आहे," गंगाराम म्हणाला.

कागद सापडायला बराच वेळ लागला. गंगारामने चष्मा लावून मोठ्याने वाचला. चार हजार रुपये रोख मिळाले. कर्जदार हौसाबाई गुणाजी, निशाणी डावा अंगठा. साक्षीदार आत्माराम, चिटणीस.

"बरोबर आहे ना?" गंगारामने विचारलं.

 हजेरीचं रजिस्टर फिरत फिरत हौसापर्यंत आलं होतं. आत्मारामने सवयीने शाईचा पॅड उघडून तिच्यापुढे सरकवला.

तिने तो बाजूला केला, गंगारामच्या खिशातलं पेन मागून घेतलं आणि लग्नाआधी शाळेत गिरवलेल्या ठसठशीत, वळणदार अक्षरांत आपलं पूर्ण नाव लिहिलं.